तीन ते सहा महिने

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक रँडी पॉश यांना ऑगस्ट २००७ मध्ये डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरला आहे. प्रकृती बरी राहील असे तीन ते सहा महिने हाती आहेत. वय ४६, घरात तीन लहान मुले. वर्षभरापूर्वीच त्यांच्यावर व्हिपल शस्त्रक्रिया झाली होती. तिच्यानंतरचे वर्ष कसे जाते, हे आपल्यातील शल्यचिकित्सकांना सांगावयास नको.

१८ सप्टेंबर २००७ रोजी त्यांनी विद्यापीठात व्याख्यान दिले. विषय, बालपणीची स्वप्ने साकार करणे. आरंभीच यकृताचा सीटी स्कॅन पडद्यावर दाखवून त्यांनी गाठींची संख्या सांगितली, सुमारे दहा. मग व्यासपीठावरच जोर काढून दाखवले आणि मूळ विषयाकडे वळले.

स्वप्नेही कशी? वजनरहित अवस्थेत तरंगणे, व्यावसायिक फुटबॉल खेळणे, ‘वर्ल्ड बुक’ ज्ञानकोशात लेख लिहिणे. ज्ञानकोशात आभासी वास्तवावरील नोंद त्यांनी खरोखरच लिहिली. फुटबॉल मात्र राहून गेला, आणि तेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. नासाच्या विमानात तरंगण्याची संधी त्यांच्या विद्यार्थ्यांना मिळाली, पण प्राध्यापकांना मज्जाव होता. नियम बारकाईने वाचता स्थानिक पत्रकारास सोबत नेता येते असे आढळले. पॉश यांनी मार्गदर्शकपदाचा राजीनामा दिला आणि पत्रकार म्हणून अर्ज केला! (आपल्या सरकारी कचेऱ्यांतही हा गृहस्थ अडला नसता.)

आता आपल्याकडे पाहू. तपासणी आटोपली, की मुलगा दाराशी घुटमळतो आणि हळूच म्हणतो, “डॉक्टरसाहेब, बाबांना काही सांगू नका.” त्यामागे माया असते, यात शंका नाही, आणि ऐकण्याचीच इच्छा नसलेल्या रुग्णावर सत्य लादणेही योग्य नव्हे. परंतु बाबांना काय हवे आहे, हे विचारतो कोण? अर्धवट राहिलेले कोणते काम त्यांना उरकायचे आहे, कोणाला भेटायचे आहे? औषधांच्या वेळापत्रकात त्यांचे उरलेले दिवस सरतात, आणि त्या मौनात आपणही सहभागी असतो.

पॉश यांना मुदत ठाऊक होती. पत्नीला माहेरच्यांचा आधार लाभावा म्हणून त्यांनी बिऱ्हाड व्हर्जिनियात हलवले. रोज सायकल चालवताना दूरध्वनीवरून ते पत्रकार जेफ्री झास्लो यांना पुस्तक सांगत. अशा ५३ फेऱ्या झाल्या. मार्च २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील संशोधनास निधी मिळावा म्हणून त्यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली. २५ जुलै २००८ रोजी, म्हणजे सांगितलेल्या मुदतीपेक्षा बरेच अधिक जगून, ते गेले.

दरम्यान थोरल्या मुलाला त्यांनी डॉल्फिनबरोबर पोहावयास नेले होते. मधल्याला डिस्ने वर्ल्डमध्ये मिकीची भेट घडवली. धाकटी इतकी लहान होती, की तिला वडील आठवणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. ते व्याख्यान आपण या तिघांसाठीच दिले, असे त्यांनी त्या दिवशी शेवटी सभागृहाला सांगितले होते.