बाळाची शिदोरी

आईनं बाळाला घास भरवायचा, हे आपल्याला ठाऊक. पण ज्या आईला बाळाचं तोंडही दिसणार नाही, तिनं काय करायचं? मैत्रिणींनो, किड्यांच्या जगात अशा आया पुष्कळ आहेत.

खिडकीच्या कोपऱ्यात, फोटोमागे मातीचं घरटं करणारी कुंभारीण माशी बघा. तोंडात ओल्या मातीच्या गोळ्या आणून ती खोली बांधते. मग कोळी पकडते, डंख मारून त्यांना लुळं करते, पण जीव घेत नाही. मेले तर सडतील ना! असे कोळी खोलीत भरायचे, एक अंडं घालायचं, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. अळी बाहेर आली की ताजं जेवण समोर! ना फ्रीज, ना गॅस.

लिंबावर, कढीपत्त्यावर येणारं फुलपाखरूही तसंच. स्वतः पितं फुलातला मध, पण त्याच्या अळीला लागतो कोवळा पाला. म्हणून मादी पायांनी पानाची चव घेते. खात्री पटली की मगच अंडं घालते.

या आयांची ही तरतूद आपल्याही संसाराच्या कामी येते. २००२ साली आपल्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. मिरजेच्या आसपास उसात राबणाऱ्या बायकांना पानाखालचा तो पांढरा कापूस आठवत असेल. डिफा नावाच्या पतंगाची मादी नेमकी या माव्यातच अंडी घालते, कारण तिच्या अळीचं जेवणच मावा! मायक्रोमस हा कीटकही असाच. हे मित्रकीटक एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले गेले आणि मावा आटोक्यात यायला मोठी मदत झाली. जहाल औषध फवारलं, तर माव्याबरोबर हे मदतनीसही मरतात.

बचत गटाच्या बैठकीत मी म्हणूनच सांगते, कढीपत्त्याची चार पानं कुरतडली म्हणून लगेच फवारा मारू नका. तीच पानं आपल्या फोडणीत जायची असतात. अळ्या फारच झाल्या तर हातानं वेचा.

आणि दिवाळीच्या झाडलोटीत कुंभारणीचं घरटं दिसलं, तर आधी नीट बघा. गोल भोक पडलं असेल, तर पिल्लू उडून गेलं. घरटं खुशाल काढा. तोंड लिंपलेलंच असेल, तर थोडे दिवस थांबा. आत कुणाचं तरी जेवण चाललेलं असेल.