राजधानी-दर्शन, भाग ६ : दिल्लीतील सोमवार

शाहजहानाबादचे विवेचन या भागात येणे ठरलेले होते. परंतु चार दिवसांच्या आखणीत सोमवारी काय पाहावे, ही वाचकांची पृच्छा इतक्या मुळाशी जाणारी आहे की तिला दोन ओळींत उत्तर देणे विषयावर अन्याय करणारे ठरेल. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्ती येथील प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर ही सर्व ठिकाणे सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सुटी घेणारे प्रवासी हा दिवस खरेदीत घालवतात किंवा आग्र्यास जातात. ताजमहाल शुक्रवारी बंद असल्याने आग्र्यासाठी सोमवार चालतो हे खरे. तथापि दिल्लीतला सोमवार दिल्लीलाच द्यावा, कारण सुलतानशाहीपासून मुघल काळापर्यंतची दक्षिण दिल्लीतील प्रमुख स्मारके त्या दिवशी उघडी असतात आणि त्यांच्यामधून कमान व घुमट यांच्या रचनेचा विकास एका दिवसात डोळ्यांनी पाहता येतो.

आरंभ सकाळी कुतुब परिसरात करावा. येथे बहुतेकांची दृष्टी ७२.५ मीटर उंचीच्या मिनाराकडे जाते. अभ्यासकाने मात्र प्रथम लोहस्तंभाच्या मागे उभ्या असलेल्या, दिल्लीत सुलतानशाहीचा पाया घालणाऱ्या ऐबकाच्या काळातील कमानींच्या भव्य भिंतीसमोर थांबावे. इ. स. ११९९ च्या सुमाराची ही भिंत स्थानिक कारागिरांनी उभारली, आणि त्यांची परंपरा खांबावर आडवी तुळई ठेवण्याची असल्यामुळे त्यांनी दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित पुढे काढत दोन्ही बाजू माथ्याशी मिळवल्या, म्हणजे कमानीचा आकार साधला, पण कमानीचे तत्त्व साधले नाही. खऱ्या कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात वा टोकदार वळणात बसवलेले असतात व वरचा भार त्यांना एकमेकांवर दाबून धरतो. म्हणूनच ती अधिक रुंद अंतर पेलू शकते. याच परिसरातील अलाई दरवाजा (१३११) या तत्त्वावर बांधलेला असून त्याच्या नालाकृती कमानी आणि वरचा घुमट पाहताना शंभर वर्षांत बांधणीची विद्या किती पुढे गेली हे स्पष्ट होते. या दोहोंमधला दुवा लगतच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात आहे: तेराव्या शतकाच्या अखेरचे सुलतान बलबनाचे थडगे. त्याचा घुमट कोसळला आहे, सजावट उरलेली नाही आणि मार्गदर्शक तेथे क्वचितच नेतात, परंतु भारतातील सर्वांत जुन्या खऱ्या कमानींपैकी एक तेथे आहे, आणि एवढ्या कारणासाठी अर्धा तास चालणे सार्थ आहे.

यानंतर मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेने जोर बाग स्थानकावर उतरावे. वाटेतील हौज खास हिवाळ्यात वगळणेच श्रेयस्कर, कारण डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि घाईने पाहिलेली अनेक ठिकाणे सावकाश पाहिलेल्या थोड्या ठिकाणांची बरोबरी करीत नाहीत.

जोर बागेजवळ सफदरजंगाचा मकबरा (१७५४) आहे. मराठी वाचकास हे नाव अपरिचित नसावे. रोहिल्यांविरुद्ध मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे यांचे साहाय्य घेणारा आणि एप्रिल १७५२ मध्ये बादशहाच्या वतीने मराठ्यांशी संरक्षणाचा करार करणारा वजीर तो हाच. कालक्रमाने हा मकबरा दिवसाच्या शेवटी यायला हवा, तरीही तो दुपारीच पाहावा, ज्याचे कारण पुढे येईल. तेथून लोदी उद्यान काही मिनिटांच्या अंतरावर आहे. सिकंदर लोदीच्या थडग्यात (१५१७-१८) दुहेरी घुमटाचा आरंभीचा प्रयोग दिसतो, ज्यात आतील घुमट खोलीच्या प्रमाणात बेताचा आणि बाहेरील दूरवरून दिसेल असा स्वतंत्र असतो. शिवाय या थडग्याभोवती तटबंदीचे आवार आहे, जे पुढील बागमकबऱ्यांची पूर्वसूचना देते.

ही कल्पना परिपूर्णतेला पोहोचते ती हुमायूनच्या मकबऱ्यात. १५६० च्या दशकात सुरू झालेल्या या वास्तूचा रचनाकार मीरक मिर्झा घियास होता; तिचा संगमरवरी दुहेरी घुमट आणि पाटांनी चौकोनांत विभागलेली, चारबाग म्हणून ओळखली जाणारी बाग पुढे ताजमहालापर्यंत पोहोचली. प्रवेश पश्चिमेकडून असल्यामुळे मावळतीचा प्रकाश तांबड्या दगडाच्या दर्शनी बाजूवर सरळ पडतो, आणि याच कारणासाठी कालक्रम मोडून ही वास्तू शेवटी ठेवणे योग्य ठरते. सफदरजंगाचा मकबरा आधी पाहिलेला असल्याने मूळ आणि दोन शतकांनंतरची त्याची आवृत्ती यांच्या प्रमाणांतील फरकही मनात ताजा असतो. हुमायूनच्या मकबऱ्याचा रुंद, स्थिर डौल त्या उंच, आक्रसलेल्या मकबऱ्यात नाही.

शाहजहानाबादचा भाग पुढील आठवड्यात येईल. तेथे लाल किल्ल्याची सोमवारची सुटी, घाऊक बाजारांची रविवारची सुटी आणि जामा मशिदीतील शुक्रवारची दुपारची नमाज अशा तीन अडचणी एकत्र येतात. म्हणून ज्यांची तिकिटे निघाली आहेत त्यांनी दिल्लीत पोहोचण्याचा वार तपासून ठेवावा.