ई-सायकल चोरीला गेली तर...

बॅटरीवर चालणारी सायकल आता आपल्या मोहल्ल्यात नवलाची राहिलेली नाही. कॉलेजला जाणारी मुलगी, शिकवणीला जाणारे मौलाना, दुकानाचा माल पोहोचवणारा मुलगा, सगळ्यांच्या ती उपयोगाची आहे. लायसन्स नको, आरटीओची फेरी नको, पेट्रोल नको. मात्र चोरी झाली की हीच सोय अडचणीची ठरते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कमी शक्तीची (२५० वॉटच्या आतली), ताशी २५ किलोमीटरपर्यंतच धावणारी आणि बॅटरी सोडून ६० किलोपेक्षा जड नसलेली गाडी मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नंबर प्लेट नाही, आरसी बुक नाही आणि मालक म्हणून सरकारदरबारी कुणाचे नावही नाही. मोटारसायकल नाकाबंदीत नंबरावरून पकडता येते. ई-सायकलची ओळख म्हणजे फ्रेमवर ठोकलेला नंबर, बॅटरीचा नंबर आणि दुकानाचे बिल. एवढे हाताशी नसेल तर पोलिसांनाही तपास कुठून सुरू करावा हे कळत नाही.

‘गहाळ’ आणि ‘चोरी’

आमच्या शाळेतील शिपाई, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांची ई-सायकल जुम्म्याच्या नमाजच्या वेळी मशिदीबाहेरून गेली. आम्ही त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. “सायकलच ना? गहाळ झाल्याचा अर्ज द्या,” असे उत्तर मिळाले. असा अर्ज देऊन परतणारे पुष्कळ असतात. पण गहाळ म्हणजे हरवलेली वस्तू, तिच्यासाठी चोराचा तपास होत नाही.

वस्तूच्या किमतीलाही महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ असून शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर नोंद बहुधा अदखलपात्र म्हणून होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करीत नाहीत. चाचांनी २८,००० रुपयांचे बिल पुढे ठेवले, तेव्हा गुन्हा दाखल झाला. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) लेखी अर्ज पाठवता येतो, आणि तिथेही काही झाले नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते.

संशय कुणाचा?

“संशय कुणावर?” हा प्रश्न पोलीस विचारतातच. चाचांना शेजारच्या चार जणांनी एका भंगार गोळा करणाऱ्या पोराचे नाव सुचवले होते. तो त्या दुपारी तिथे दिसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. चाचा म्हणाले, “पाहिलं नाही, तर नाव कसं घेऊ?” त्यांनी ‘अज्ञात चोर’ असेच लिहून दिले. पुढे समोरच्या औषध दुकानाच्या कॅमेऱ्यात सायकल टेम्पोत चढवणारी दोन मोठी माणसे दिसली. तीन आठवड्यांनी सायकल शेजारच्या तालुक्यात एका दुरुस्तीच्या दुकानात सापडली. बॅटरी नव्हती, रंग बदलला होता, पण फ्रेमचा नंबर जुळला.

नाव दिले असते तर त्या पोराचे काय झाले असते? फिर्यादीत नाव नसले तरी तपास होतो. बदगुमानीवर दिलेले नाव मात्र सहजासहजी पुसले जात नाही. संशयित १८ वर्षांखालील असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते, हेही घरोघरी माहीत असावे.

घरात आजच करायची कामे

सायकलच्या फ्रेमचा, मोटारीचा आणि बॅटरीचा नंबर बिलावरच लिहून ठेवा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढा. फक्त चाकाला नाही, फ्रेमला साखळी घालून ती खांबाला अडकवा. शक्य तिथे बॅटरी काढून आत न्या. चोरी झालीच तर आसपासच्या कॅमेऱ्यांची ठिकाणे त्याच दिवशी पोलिसांना सांगा, कारण काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते. तपासाची प्रगती फिर्यादीला ९० दिवसांत कळवावी, अशी नव्या कायद्यात तरतूद आहे. म्हणून एफआयआरचा क्रमांक जपून ठेवा आणि विचारायला संकोच करू नका. चोर न सापडल्यास पोलीस ‘अ’ समरी पाठवतात. तिचा अर्थ तक्रार खोटी असा नसून गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही, असा आहे. सायकल सापडली तर ती ठाण्यात गंजू देऊ नका. कोर्टात अर्ज करून बंधपत्रावर ती परत घेता येते.

शेवटी खरेदीविषयी. तीस हजारांची सायकल कुणी आठ हजारांत, बिलाशिवाय, चार्जरशिवाय देत असेल तर थांबा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलगा “मित्राकडून स्वस्तात मिळाली” म्हणत सायकल घरी आणेल, त्या दिवशी अम्मी-अब्बांनी आधी बिल मागावे. अशी सायकल घेणारेच उरले नाहीत, तर मशिदीबाहेरून ती चोरून नेणाऱ्याला तरी तिचा काय उपयोग?