आधी खराटा, मग कीर्तन: दुसऱ्याला पटतं ते कसं?

गाडगेबाबा एखाद्या गावात आले की लगेच उपदेशाला सुरुवात करत नसत. खराटा हातात घ्यायचे आणि वेशीपासून रस्ता झाडायला लागायचे. तुंबलेली गटारं मोकळी करायचे, उकिरडे उपसायचे. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, सोबत फुटकं मडकं आणि काठी. हा कोण, कुठला, म्हणून लोक बघत राहायचे. अंधार पडला की त्याच गावात कीर्तन उभं राहायचं आणि दिवसभर बघणारी माणसं समोर येऊन बसायची.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांना, म्हणजेच गाडगेबाबांना, शाळा मिळाली नाही. वडील दारूपायी गेले. मामाच्या घरची जमीन सावकारीच्या फासात अडकलेली त्यांनी पाहिली. 1905 मध्ये घर सोडल्यापासून 1956 मध्ये देह ठेवेपर्यंत ते फिरत राहिले. हाती सत्ता नाही, पद नाही, पदवी नाही. तरीही त्यांच्या शब्दाखातर लोकांनी दारू सोडली, बोकड कापणं थांबवलं, धर्मशाळांसाठी पैसा उभा केला. हे घडलं कसं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. ती पद्धत आपल्यालाही शिकता येते.

पहिला टप्पा: सांगणारा कोण आहे?

सांगितलेलं खरं की खोटं, हे ऐकणारा नंतर तपासतो. त्याआधी तो सांगणाऱ्याला तपासतो. ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी पटवण्याची तीन साधनं सांगितली होती: बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. त्यांत चारित्र्याचं वजन त्याने फार मोठं मानलं.

गाडगेबाबांनी हे वजन घरापासून कमावलं. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू आणि मटणाची पंगत द्यायची असा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून गोडाधोडाचं जेवण वाढलं. पुढे ते दारूबंदीवर बोलले तेव्हा 'आधी स्वतःच्या घरात बघा' असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती. स्वच्छतेचंही तसंच. रात्री ते जे सांगत, ते दिवसा लोकांच्या डोळ्यांदेखत करून झालेलं असे.

दुसरा टप्पा: उत्तर समोरच्याच्या तोंडून

बाबांच्या कीर्तनाचा गाभा म्हणजे प्रश्न. शुद्ध वऱ्हाडी बोलीत, छोट्या छोट्या वाक्यांत ते श्रोत्यांनाच विचारत जात. देवाला आंघोळ कोण घालतं? नैवेद्य कोण दाखवतं? त्या नैवेद्यावर कुत्रं आलं तर हाकलतं कोण? प्रत्येक वेळी उत्तर श्रोत्यांतून यायचं: माणूस. चार-पाच प्रश्नांत सगळा जमाव स्वतःच्या पायांनी चालत त्या ठिकाणी पोचायचा, जिथे बाबांना त्याला न्यायचं होतं. दगडापुढे बोकड कापून काही साधत नाही, हे त्यांनी सांगण्याआधीच लोकांच्या मनात आलेलं असे. त्यांचं शेवटचं कीर्तन 1956 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं. त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यातही ही सवाल-जवाबाची लय कानाला लगेच कळते.

ही पद्धत इतकी परिणामकारक का, याचं उत्तर कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. गृहिणींनी जनावराचं काळीज, गुर्दे असे सहसा न शिजवले जाणारे भाग वापरावेत, असं सरकारला वाटत होतं. लेविनने काही गटांना पोषणावर चांगलं व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटांत बायकांनी आपसात चर्चा केली, अडचणी काढल्या आणि शेवटी आपणच ठरवलं. नंतर चौकशी केली तेव्हा, ज्यांनी यातला पूर्वी कधी न केलेला पदार्थ घरी वाढला, अशा बायका व्याख्यानाच्या गटात सुमारे 3 टक्के निघाल्या, तर चर्चेच्या गटात सुमारे 32 टक्के. माहिती तीच होती, पण चर्चेतल्या बायकांनी निर्णय स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. आपण बोललेलं आपल्याला आपलं वाटतं आणि ते पाळावंसंही वाटतं.

तिसरा टप्पा: लहान होकार

मोठी मागणी एकदम केली की माणूस दचकतो. 1966 साली जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. 'गाडी सावकाश चालवा' असा भलामोठा, बेढब फलक अंगणात लावू द्याल का, असं घरमालकांना विचारलं. थेट विचारल्यावर सुमारे 17 टक्के तयार झाले. काही घरांत मात्र आधी याच विषयाची एक छोटी पट्टी लावून घेतली होती. तिथे दोन आठवड्यांनी मोठ्या फलकाला सुमारे 76 टक्के लोकांनी होकार दिला. छोट्या पट्टीने त्यांची स्वतःबद्दलची समजूत बदलली होती: मी अशा कामात हातभार लावणारा माणूस आहे.

बाबांच्या हातातल्या खराट्याचं कामही हेच. साधू रस्ता झाडतोय म्हटल्यावर कुणीतरी लाजून झाडू आणायचं, आणखी दोघे यायचे. आपली गल्ली झाडणं हा अगदी लहान होकार. पण तो दिलेला माणूस रात्री कीर्तनात बसायचा तो कामातला भागीदार म्हणून.

चौथा टप्पा: नकाराची वाट मोकळी

दडपण आलं की माणूस हट्टाला पेटतो, मग गोष्ट त्याच्या फायद्याची का असेना. जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये या प्रवृत्तीचा सिद्धांत मांडला: स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की ते परत मिळवण्यासाठी माणूस उलट वागतो. म्हणूनच 'बघा, निर्णय तुमचा आहे' हे वाक्य मनापासून म्हटलं तर ते मोठं काम करतं.

आता हे चारही टप्पे घरात लावून बघू. समजा, आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार नाहीत. 'किती वेळा सांगायचं तुम्हाला?' म्हटलं की विषय संपला. त्याऐवजी नातीने जवळ बसावं, चार दिवस पेपर वाचून दाखवावा आणि मग विचारावं, "आजोबा, दिसत नसल्यामुळे सगळ्यात जास्त काय अडतं हो?" ते म्हणतील, "संध्याकाळी देवळात जाता येत नाही." मग, "ऑपरेशनची नेमकी भीती कशाची वाटते?" इथे थांबायचं आणि पूर्ण ऐकायचं. कदाचित शेजारच्या कुणाचा डोळा बिघडल्याची गोष्ट बाहेर येईल. त्या भीतीला हसायचं नाही. "आपण नुसतं डॉक्टरांना विचारून येऊ. करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा." हा झाला लहान होकार. यात वेळ जातो, पण आजोबांचा मान राहतो आणि ऑपरेशननंतरची पथ्यंही ते स्वतःहून पाळतात.

ही ताकद कुणासाठी वापरायची?

फसवणारेही हीच शिडी वापरतात. जादा नफ्याचं आमिष दाखवणारा आधी गोड बोलून विश्वास मिळवतो, छोटी रक्कम गुंतवायला लावतो, तिच्यावर थोडा नफाही परत देतो आणि मग मोठी मागणी पुढे करतो. म्हणून ही कला शिकताना तिची पारख करायलाही शिकलं पाहिजे. तीन प्रश्न पुरतात. मला विचार करायला वेळ दिला जातोय का? मी उलट प्रश्न विचारले तर चालतात का? आणि मी हो म्हटल्यावर फायदा नेमका कुणाचा?

गाडगेबाबा या तिन्ही प्रश्नांच्या कसोटीला उतरतात. लाखोंच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतःसाठी त्यांनी काही ठेवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

पटवण्याचं बळ वाक्चातुर्यात आहे असा आपला समज असतो आणि म्हणून अबोल माणसं या वाटेला जात नाहीत. खरं तर सांगतो तसं वागणं, नीट प्रश्न विचारणं, धीराने ऐकणं आणि निर्णय समोरच्याच्या हाती ठेवणं, यांतल्या एकाही गोष्टीला वक्तृत्व लागत नाही. समोरच्या माणसालाही बुद्धी आहे, यावर मात्र मनापासून विश्वास लागतो.