‘सर, आज लवकर निघू का?’

रेड अलर्ट मोबाइलवर येतो, निर्णय मात्र ऑफिसला घ्यायचा असतो. तुमच्या ऑफिसनं तो घेऊन ठेवलाय?

दुपारचे तीन. काचेबाहेर सगळं पांढरं धुरकट. व्हॉट्सअ‍ॅपवर कुर्ल्याच्या रुळांवरच्या पाण्याचे फोटो यायला लागलेत. अर्धं ऑफिस खिडकीशी, अर्ध्याचं लक्ष बॉसच्या केबिनकडे. शेवटी कुणीतरी धीर करून विचारतंच, ‘सर, आज लवकर निघू का?’ सर म्हणतात, ‘थांबा, जरा अंदाज घेऊ.’ आणि पाच वाजता सगळ्यांना एकदमच सोडून देतात. आपणही खूश!

पण खरं सांगू? निघायची याहून वाईट वेळ नाही.

२६ जुलै २००५ ला मी सात वर्षांची होते. आई अंधेरीच्या एका ऑफिसात कामाला. तिथंही संध्याकाळीच ‘आता निघा’ असं सांगितलं. साकीनाक्याच्या अलीकडे तिची बस अडकली. रात्र बसमध्ये काढून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत ती दुसऱ्या दिवशी दुपारी घाटकोपरला घरी पोचली. तोवर मी शेजारच्या काकूंकडे. वीज नाही, फोन लागत नाही. आई आजही म्हणते, ‘ऑफिसातच थांबले असते तर निदान चहा तरी मिळाला असता गं!’

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये गुदमरून माणसं गेली. २९ ऑगस्ट २०१७ ला पुन्हा मुंबई तुंबली. पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

आणि आता नुसता पाऊसही नाही. अमेरिकेत १ जून ते ३० नोव्हेंबर हा ‘हरिकेन सीझन’ मानतात. आपल्याकडे त्यालाच चक्रीवादळ म्हणतात आणि अरबी समुद्रात त्याचे मोसम दोन : पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेलं. वादळाचा इशारा आधीच मिळाला होता, तरी ‘पी-३०५’ हा बार्ज माणसांसकट समुद्रातच थांबला आणि बुडाला. साठहून अधिक कामगार गेले. म्हणजे इशारा मिळणं आणि त्यावर वेळेत निर्णय होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा नियम साधा : लवकर सोडा, नाहीतर सोडूच नका!

निर्णय कुणाचा?
हवामान खात्याचा ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. हे दोन्ही एकत्र आले की आदल्या रात्रीच ‘वर्क फ्रॉम होम’ जाहीर करायचं. ते कोण करणार, त्याचं नाव मे महिन्यातच ठरलेलं हवं. तो रजेवर असेल तर दुसरं नावही! आणि त्या दिवसाचा पगार कापणार नाही, हे आधीच लेखी सांगा. नाहीतर माणसं धडपडत येणारच.

कोण कुठं राहतं?
विरार, कर्जत, पनवेलवाल्यांना सगळ्यात आधी सोडायचं. घरी लहान मूल आहे का, रोजची औषधं चालू आहेत का, याचीही नोंद हवी. नेटवर्क गेलं तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काय कामाचा? म्हणून सगळ्यांच्या नंबरांची यादी कागदावरही ठेवा. या यादीत सिक्युरिटीवाले काका, हाउसकीपिंगच्या मावशी, पॅन्ट्रीतला मुलगा आहेत का? ते कंत्राटी असतात म्हणून एचआरच्या यादीत नसतात. आणि सगळ्यात शेवटी निघतात तेच.

मुक्काम करायची वेळ आली तर?
पिण्याचं पाणी, बिस्किटं, खाकरे, टॉर्च, पॉवर बँक, चादरी, फर्स्ट एड बॉक्स, सॅनिटरी नॅपकिन्स. एका कपाटात मावतं सगळं. किल्ली मात्र अ‍ॅडमिनच्या घरी नको!

आणि धंद्याचं काय?
सर्व्हर, यूपीएस, जनरेटर तळघरात असतील तर पाणी पहिलं तिथंच शिरतं. ते वर हलवा. डेटाचा बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवा. विम्यात पुराचं नुकसान धरलंय का, हे पॉलिसी उघडून बघा. मुंबईची टीम अडकली तर क्लायंटचा फोन कोण घेणार, हेही ठरवा.

तुमच्यापुरतं
बॅगेत औषधं आणि सुका खाऊ ठेवा. तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नका. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोचा धोका असतो, ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. महापालिकेचा मदत क्रमांक १९१६, आत्ताच सेव्ह करा.

एवढं सगळं एका दिवसात होणार नाही, मान्य. पण सोमवारी ऑफिसला गेलात की एचआरला एकच प्रश्न विचारा, ‘रेड अलर्ट आला तर आम्हाला कोण सांगणार आणि किती वाजता?’ उत्तर ‘अंदाज घेऊ’ असं आलं, तर मंडळी, तयारी तुम्हालाच सुरू करावी लागणार!