आभासी पियानो : कान आणि बोट

नारायणगावच्या तमाशाफडांत ढोलकीच्या जोडीला पेटी असे. पुढे विजेवरचा कीबोर्डही आला. त्याला संगणक जोडला की पियानोही वाजतो. तो खऱ्यासारखा वाटतो काय?

पेटीचा आवाज भात्याच्या वाऱ्याने लहानमोठा होतो. पियानोत मात्र पट्टी जितक्या वेगाने दाबावी तितक्या वेगाने हातोडी तारेवर आदळते. आभासी पियानो हाच वेग मोजतो, १९८३ च्या ‘मिडी’ संकेताप्रमाणे त्याच्या १२७ पायऱ्या करतो आणि त्याला जुळणारा, बहुधा खऱ्या पियानोवरून ध्वनिमुद्रित केलेला, सूर ऐकवितो.

कान फसतो, बोट फसत नाही. हलक्या पट्टीखाली हातोडीचा भार जाणवत नाही. सूर किंचित उशिरा उमटला तरी ढोलकीशी सांधा निसटतो. म्हणून आम्ही म्हणतो, वाद्य नुसते ऐकून घेऊ नये, वाजवून घ्यावे.