विश्लेषण : निवडणूक जिंकूनही सुशीलकुमार शिंदे यांचे मुख्यमंत्रीपद का गेले?

मुख्यमंत्री सोलापूरचे, उपमुख्यमंत्री अकलूजचे. श्रीपूरच्या ऊसपट्ट्यातल्या आज पन्नाशीत असलेल्या शेतकऱ्याला तो काळ आठवत असेल. डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळ पायउतार झाले आणि विजयसिंह मोहिते-पाटील उपमुख्यमंत्री झाले. सरकारची पहिली दोन्ही पदे एकाच जिल्ह्याकडे आली, पण वर्षभरही टिकली नाहीत.

कोर्टातला शिपाई ते मुख्यमंत्री

शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ चा. सोलापूरच्या न्यायालयात ते शिपाई होते, पुढे पोलीस उपनिरीक्षक झाले. शरद पवार यांच्या आग्रहावरून १९७१ मध्ये नोकरी सोडली आणि १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत पोहोचले. अर्थमंत्री म्हणून सलग नऊ अर्थसंकल्प मांडले. २००२ मध्ये पक्षाने त्यांना उपराष्ट्रपतीपदासाठी उभे केले. भैरोंसिंह शेखावत यांना ४५४ मते मिळाली, शिंदे यांना ३०५. हरणार हे ठाऊक असूनही पक्षाचा शब्द मोडायचा नाही, ही त्यांची वृत्ती त्यांना बढतीही देत गेली आणि अडचणीतही टाकत गेली.

१८ जानेवारी २००३ रोजी विलासराव देशमुख यांच्या जागी ते मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री. तेव्हा ते खासदार होते. घटनेनुसार सहा महिन्यांत विधिमंडळाचे सदस्य होणे भाग होते, म्हणून दक्षिण सोलापूरमधून पोटनिवडणूक लढवून ते विधानसभेत आले.

२००४ मध्ये नेमके काय घडले?

वर्ष अवघड होते. दुष्काळ होता, तेलगी मुद्रांक घोटाळा गाजत होता. लोकसभेला खुद्द सोलापुरात त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांचा भाजपच्या सुभाष देशमुख यांनी पराभव केला. त्यानंतर विधानसभेच्या तोंडावर सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. ऑक्टोबरच्या निकालात राष्ट्रवादीला ७१, काँग्रेसला ६९, शिवसेनेला ६२ आणि भाजपला ५४ जागा मिळाल्या. २८८ च्या सभागृहात आघाडी १४० वर थांबली, पण अपक्षांच्या मदतीने सत्ता राखता येत होती.

मग खुर्ची का गेली?

राष्ट्रवादी दोन जागांनी पुढे होती, त्यामुळे मुख्यमंत्रीपद कोणाचे यावर पंधरवडाभर घोळ चालला. अखेर ते काँग्रेसकडे राहिले आणि मोबदल्यात राष्ट्रवादीला उपमुख्यमंत्रीपदासह जादा मंत्रिपदे मिळाली. काँग्रेसमधून कोण, हे दिल्लीने ठरवले. १ नोव्हेंबरला विलासराव पुन्हा मुख्यमंत्री झाले, उपमुख्यमंत्रीपदी आर. आर. पाटील आले. अकलूजचेही पद गेले. शिंदे यांची आंध्र प्रदेशच्या राज्यपालपदी रवानगी झाली.

कागदावर राज्यपाल बहुमत असलेल्या नेत्याला नेमतात. काँग्रेसमध्ये तो नेता श्रेष्ठी सांगतील तो. मोहिते-पाटलांसारखे कारखान्यांचे जाळे किंवा विलासरावांसारखा आमदारांचा स्वतःचा गट शिंदे यांच्यामागे नव्हता. त्यांची ताकद दिल्लीचा विश्वास एवढीच होती, आणि ज्याला दिल्ली बसवते त्याला दिल्लीच उठवू शकते. ते नाराज झाले असतीलही, पण बंड त्यांनी केले नाही.

मोफत विजेचे काय झाले?

याचा फटका थेट शेतकऱ्याला बसला. २००५ मध्ये देशमुख सरकारने मोफत वीज मागे घेतली. सरकार त्याच आघाडीचे, मते त्या घोषणेवर मागितलेली, मात्र शब्द देणारा माणूस खुर्चीवर नव्हता. विहिरीवरची मोटार तीच राहिली, बिल मात्र पुन्हा येऊ लागले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज पुढे २०२४ मध्ये जाहीर झाली. तेव्हाही मुख्यमंत्री शिंदेच होते, पण एकनाथ!

पुढे काय झाले?

दिल्लीने त्यांना पुन्हा बोलावले. २००६ पासून ते केंद्रात ऊर्जामंत्री होते. जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर भारताचे वीजजाळे सलग दोन दिवस कोसळले आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, त्यांना गृहमंत्रीपदी बढती मिळाली. यावर तेव्हा टीकाही भरपूर झाली. सोलापूरने मात्र त्यांना २०१४ आणि २०१९ अशी दोनदा नाकारले. २०२४ मध्ये त्यांची मुलगी प्रणिती शिंदे तिथून खासदार झाल्या. श्रीपूर ज्या माढा मतदारसंघात येते, तिथून त्याच वेळी धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले.